मेखताई आणि हवेचे इमले

लोक हवेत इमले बांधतात आणि मेखताई हवेचे इमले जमिनीला बांधते, हा विनोद तिच्या नणंदेचा. नणंद तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकापुढे आत्ताच सुचल्यासारखा करायची, आणि गिऱ्हाईक हसलं नाही तर पुन्हा एकदा, जरा मोठ्याने करायची. मेखताईला तो सुरुवातीला आवडला, मग त्याचा वीट आला, आणि पुढे असं झालं की तो कानावर पडल्याशिवाय तिला घण उचलावासाच वाटेना.

मेखताई हे नाव मात्र मेखांमुळे पडलेलं नाही. नाव आधी पडलं, मेखा मागाहून आल्या. तरुणपणी ती ताडपत्र्या शिवायच्या कारखान्यात कामाला होती. लांबलचक टेबल, त्यावर पसरलेलं जाड कापड, मेणाचा आणि रबराचा वास, दिवसभर खडखडणारी बोजड मशीन. कुणी काही नवीन काढलं की ही हातातली सुई थांबवायची आणि म्हणायची, "सगळं ठीक आहे, पण यात एक मेख आहे." नवा दोरा आला, त्यात मेख. मालकाने सुट्टीचा वार बदलला, त्यात मेख. एका मैत्रिणीचं लग्न ठरलं तेव्हाही तिने तोंड उघडलं होतं, पण शेजारणीने टेबलाखालून पाय दाबला. लोकांना राग याचा यायचा की बहुतेक वेळा मेख खरोखरच निघायची.

त्या कारखान्यात एकदा हवावाले काका आले. किडकिडीत माणूस, खांद्यावर ही मोठी गुंडाळी. मुलं उड्या मारतात तो हवेचा किल्ला ते जत्रेत, शाळेत, वाढदिवसाला भाड्याने द्यायचे. मागून ब्लोअरचा पंखा सतत हवा भरत राहतो आणि रबरी कापडाचे बुरूज फुगून उभे राहतात, तसला. तो एका कोपऱ्यापासून उभा फाटला होता.

मेखताईने कापड उलटंसुलटं करून पाहिलं. "हे उड्या मारून फाटलेलं नाही."

"मग कशाने?"

"फाटायला सुरुवात कडीपाशी झालीय, जिथे दोर बांधतात तिथे. वाऱ्याने ओढलंय याला. आणि तुम्ही याला एकाच कोपऱ्याला बांधलं होतं."

काका खिडकीबाहेर बघू लागले, म्हणजे खरं होतं.

तिने दुहेरी शिवण घातली, कडीखाली पट्ट्याचे चार थर दिले, आणि शिवण टिकते का ते बघायला म्हणून स्वतःच मैदानावर गेली. तिथे काकांनी किल्ला फुगवला आणि त्याची एक कडी कपडे वाळत घालायच्या दोरीने बाकाला बांधली. बाकीच्या कड्या मोकळ्याच.

"हे काय?" तिने विचारलं.

"आत मुलांचं वजन असतंच की."

"आणि मुलं बाहेर आली की?"

"बाहेर आली की आत कुणीच नाही. मग भीती कसली?"

"काका, हे घराएवढं शीड आहे. मुलं आत असोत की बाहेर, याला एकच गोष्ट येते, उडणं. आणि हे उडालं की कुणाच्या अंगावर उतरेल ते काय हे आधी सांगणार आहे?"

"एवढं कळतंय तर तूच बांध!" काका वैतागून म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. पुढचं सगळं आयुष्य त्या 'बरं'मधून निघालं.

नवरा शहरातल्या बसवर ड्रायव्हर होता, अबोल माणूस. पण बातमी ऐकल्यावर त्यालाही कंठ फुटला. "म्हणजे आता तू फुगे फुगवणार?"

"फुगवायला काका आहेत. मी धरून ठेवणार."

"इतकी वर्षं मला धरून ठेवलंस, आता फुगे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मात्र बसच्या गॅरेजमधून एक जुना, दांडा बदललेला घण घेऊन आला. त्याच्या बोलण्याचा अर्थ त्याच्या हातात काय आहे ते बघून लावायचा असतो, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

मेखा ठोकायला ती मोठ्या तंबूंच्या लोकांकडून शिकली. त्यांच्या मागे लागून, त्यांचा चहा आणून, त्यांच्या फाटक्या कनाती शिवून देऊन शिकली. मेख हातभर लांब आणि अंगठ्याएवढी जाड हवी. ती सरळ ठोकायची नाही, तिरकी ठोकायची. डोकं किल्ल्यापासून लांब झुकलेलं आणि टोक जमिनीतून किल्ल्याच्या दिशेने गेलेलं, म्हणजे वारा ओढायला लागला की तिला उपसून काढण्याऐवजी मातीचीच पकड बसते. किल्ल्याला जितक्या कड्या, तितक्या मेखा. एक कडी मोकळी सोडायची नाही, वाऱ्याने पान हलत नसलं तरी. आणि सगळं झाल्यावर मेखेचं डोकं मातीबरोबर, वर टोपण, म्हणजे पोरं धावताना ठेचकाळायला नकोत.

हे सगळं ती नवीन माणसाला एका वाक्यात सांगायची, "बैल बांधतोय असं समज. बैल गरीब आहे म्हणून कुणी दावं सैल ठेवतं का?"

काकांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी सगळा पसारा तिच्या हवाली केला. मग प्रश्न आला दुसऱ्या माणसाचा. मेखा ठोकणं आणि पोरांची रांग सांभाळणं ही एका माणसाची कामं नाहीत. तेव्हा नणंद पुढे आली.

नणंद-भावजयीचं तोवर विळ्याभोपळ्याएवढं सख्य होतं. नणंद बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायची, त्यामुळे घरातही ती मीठ मागायची ते सगळ्या फलाटांना ऐकू जाईल असं. तिचं नाव घरात भोंगा पडलं होतं आणि तिला ते माहीत होतं. नोकरीतून मोकळी झाल्यावर चार भिंतींत तो आवाज मावेना. "मला ने बाई," ती मेखताईला म्हणाली, "नाहीतर तुझा नवरा मला नाहीतर स्वतःला बसखाली घालेल."

आणि मैदानावर त्या आवाजाचं सोनं झालं. "लाल सदऱ्याचे प्रवासी, आपण कोलांटी मारलीत, आपला प्रवास इथेच संपत आहे!" असं भोंगा गरजली की पोरं खिदळत बाहेर यायची, आईबापांनी शंभरदा ओरडूनही जी आली नसती ती. मोठी पोरं वेगळी, लहान वेगळी. चपला बाहेर, चष्मे भोंग्याच्या खिशात. विळा आणि भोपळा एकाच टोपलीत कसे बसले ते दोघींनाही कळलं नाही.

तिसरा भिडू म्हणजे वारा मोजायचं यंत्र. काठीवर गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या आणि खाली आकडा दाखवणारी चौकट. किल्ला बनवणाऱ्याने जो आकडा घालून दिला होता, तिथे वारा पोचला की मेखताई हात वर करायची, भोंगा पोरं बाहेर काढायची, आणि पंखा बंद. कुणी हुज्जत घातली की मेखताई त्या वाट्यांकडे बोट दाखवायची. "भांडायचं असेल तर त्यांच्याशी भांडा. त्या माझं पण ऐकत नाहीत."

असं सगळं छान चाललं असताना मुलीचं लग्न झालं आणि घरात जावई आला.

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह तसा सौम्य होता. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, सगळ्यांना 'हो हो'. एका मोठ्या नव्या बाजारसंकुलाचा तो व्यवस्थापक होता. खाली दुकानं, वर कार्यालयं, पुढे फरसबंद अंगण. मेखताईला तो मुलीसाठी पसंत होता, स्वतःसाठी नव्हता. तिच्या मते माणसाने कुठेतरी 'नाही' म्हणायला हवं, आणि हा लोण्याचा गोळा कुणाच्याही बोटाने दबायचा. पण जावई तो जावई. त्याला ती 'अहो'च म्हणायची, बसायला पंख्याखालची खुर्ची द्यायची आणि त्याच्यासमोर भोंग्याला आवाज कमी करायला सांगायची. तो अर्थातच कमी व्हायचा नाही.

संकुलाचं उद्घाटन ठरलं आणि जावई स्वतः घरी आला.

"सासूबाई, मालकांना मुलांसाठी काहीतरी भव्य हवंय. तुमची ती मोठी हवेची घसरगुंडी. दोन मजली. मी शब्द देऊन आलोय."

मेखताईच्या ओठांवर 'मेख' आली होती, ती तिने गिळली. "जागा बघून सांगते," एवढंच म्हणाली.

जागा तिने बघितली. सुंदर होती, गुळगुळीत, आणि तिच्या दृष्टीने अगदी बिनकामाची. फरशीखाली काँक्रीट आणि काँक्रीटखाली गाड्यांचं तळघर. मेख ठोकणार कुठे?

"ट्रक आणून उभे करू की चार बाजूंना," जावई म्हणाला. "त्यांना बांधू."

"ट्रक म्हणजे पाहुणा हो. कधी उठून जाईल नेम नाही, आणि जाताना आपलं काय घेऊन जाईल तेही सांगता येत नाही."

"मग वाळूच्या गोण्या?"

"घसरगुंडीचा प्रत्येक कोपरा धरायला दोन-दोन धट्टीकट्टी माणसं दिवसभर लटकवल्याएवढं वजन लागतं. ते सिमेंटच्या ठोकळ्यांत येतं, ज्यांच्या पोटात कडी ओतलेली असते. ठोकळे आणा, मी घसरगुंडी आणते."

जावयाने 'हो हो' म्हटलं. उद्घाटनाच्या सकाळी मेखताई आणि भोंगा टेम्पो घेऊन पोचल्या तेव्हा अंगणात ठोकळे नव्हते. पिशव्या होत्या. वाळूच्या, निम्म्या भरलेल्या, पोट खपाटीला गेलेल्या. ठोकळेवाल्याने ऐन वेळी हात वर केले होते.

मेखताईने एक पिशवी उचलली. एका हाताने उचलली गेली. तिने ती परत ठेवली आणि टेम्पोकडे वळून म्हणाली, "घसरगुंडी खाली काढू नका."

जावई पांढरा पडला. "सासूबाई, मालक येतीलच इतक्यात. आज वारा कुठे आहे?"

"नाहीये खरा."

"मग?"

"तुमच्या लग्नाच्या वेळी तुम्हाला तरी कुठे माहीत होतं सासू कशी निघेल?"

भोंगा फिस्सकन हसली. जावई हसला नाही. तेव्हा मेखताईने आवाज खाली आणला. "घाबरू नका. तोंडघशी नाही पाडणार तुम्हाला. मी छोटा किल्लाही टेम्पोत टाकून आणलाय. त्या बाजूला हिरवळ दिसतेय, खाली खरी माती. तिथे बांधते. पोरांना भव्य नको असतं हो, उड्या हव्या असतात."

हिरवळ माळीबुवांची होती आणि माळीबुवांचा चेहरा त्यांच्याच अंगावरून कुणी चालत गेल्यासारखा झाला. पण मेखताईने मेखांची भोकं परत बुजवून देईन असं सांगितल्यावर ते विरघळले. एवढंच म्हणाले, "ताई, त्या कडेने नळ गेलाय. जपून."

मेखताईने नळाची तोटी बघितली, भिंत बघितली, मनातल्या मनात एक रेघ ओढली. "छे. नळ असा वाकडा कशाला टाकतील? तो सरळ पलीकडून गेला असणार." आणि घण घातला. दुसरा घातला. तिसऱ्या घावाला जमिनीतून पाण्याची धार उसळली आणि मेखताई, माळीबुवा आणि नुकताच विचारपूस करायला आलेला इस्त्रीचा शर्ट, तिघांनाही तिने न्हाऊ घातलं.

"मेख होती की यात," मेखताई तोंड पुसत म्हणाली.

"मेख नाही, कारंजं," भोंगा म्हणाली. "उद्घाटन झालं म्हणा!"

माळीबुवांनी मुख्य तोटी बंद केली. मग हातातल्या काठीने जमिनीवर नळ खरोखर कुठून गेलाय ते आखून दाखवलं. तो सापासारखा वाकडा होता. मेखताईने कान पकडले आणि किल्ला हिरवळीच्या दुसऱ्या टोकाला नेला. ती बाजू चिखलाची झाली ती झालीच.

किल्ला उभा राहिला. तिने एकेक पट्टा दोन्ही हातांनी, सगळं अंग मागे टाकून ओढून बघितला. मग पोरं आत सोडली. बुरूज डुलायला लागले आणि सकाळपासून कोरडे पडलेले लोकांचे चेहरे उजळले. मालक आले, बघून गेले, खूश दिसले.

फक्त एक गोष्ट तिला खुपत होती. अंगणाच्या फाटकावर आणखी एक फुगा उभा होता. स्वागताची कमान, दोन मजली उंच, लालभडक. ती दुसऱ्या कुठल्या माणसाने आणली होती. तो पंखा चालू करून, दोर त्या अर्धपोटी पिशव्यांना बांधून निघूनही गेला होता.

"अहो," ती जावयाला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या कमानीचं काय?"

"ती तुमची नाही ना सासूबाई," तो दबक्या आवाजात म्हणाला. मालक शेजारीच उभे होते. "त्यात तुम्ही नका पडू. प्लीज."

एरवी कुणाचंही ऐकलं नसतं तिने. पण जावई, त्याचा मालक, आणि सकाळीच एकदा त्याचा शब्द मोडलेला. तिने जीभ चावली आणि किल्ल्याकडे परतली. येताना तिने एक मात्र केलं. भोंग्याला म्हणाली, "पोरांची रांग फाटकाच्या बाजूला नको. इमारतीच्या बाजूला वळव."

दुपार कलली तशा वाट्या फिरायला लागल्या. आधी आळोखेपिळोखे दिल्यासारख्या, मग भराभर. चौकटीतला आकडा चढत होता, उतरत होता, पुन्हा चढत होता. आकाश लख्ख होतं. कुणालाही काही वेगळं वाटत नव्हतं. आकडा ठरलेल्या जागी पोचला आणि मेखताईचा हात वर गेला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे!" भोंग्याचा आवाज अंगणभर घुमला. "ही गाडी पुढे जाणार नाही! सर्व प्रवासी खाली उतरून इमारतीत जातील! आपापली पादत्राणे सांभाळा!"

पोरं कुरकुरत उतरली. एकीने तर भोकाड पसरलं. एक आई म्हणाली, "ऊन आहे की छान, आत्ता कुठे तिची पाळी आली होती!" मेखताईने वाट्यांकडे बोट दाखवलं, पंखा बंद केला आणि बुरूज हळूहळू गुडघे टेकायला लागले. रांगेतले सगळे इमारतीच्या काचेच्या दारातून आत गेले, भोंगा शेवटच्या पोराला कडेवर घेऊन.

तेवढ्यात तो झोत आला.

कमानीचा एक पाय उचलला गेला. पिशव्या फरशीवरून फरफटत निघाल्या. फाटकावरचा पहारेकरी, मांडववाले, दोन दुकानदार धावले आणि ज्याच्या हाताला जो दोर लागला तो त्याने पकडला. माणसाचा स्वभावच आहे तो. उडणारी वस्तू दिसली की हात पुढे जातो. जावई सगळ्यांच्या पुढे होता.

मेखताई पळत सुटली. "सोडा! दोर सोडा! धरू नका तिला!"

तिचा आवाज वाऱ्याने खाल्ला. पण मागून भोंगा दारात आली होती, आणि आयुष्यभर इंजिनांच्या धडधडाटावरून ओरडलेल्या बाईला वारा काय खाणार? "दोर सोडा! सगळ्यांनी दोर सोडा!"

पहारेकऱ्याने सोडला. मांडववाल्यांनी सोडला. दुकानदारांनी सोडला. जावयाने सोडला नाही. त्याने दोर मनगटाला वेढा देऊन धरला होता. कमानीने उसळी घेतली आणि त्याचे पाय फरशीवरून सुटले.

"त्या बाजूला मुलं आहेत!" तो वरून ओरडला.

"नाहीत! सगळी आत आहेत! सोडा अहो!"

त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तो आणखी वर गेला, आता कंबरेएवढा. आणि तेव्हा मेखताईच्या तोंडून इतक्या दिवसांचा सगळा मानपान गळून पडला.

"अरे सोड, गाढवा! सोड म्हणते ना तुला!"

त्याने वेढा झटकला. दोर त्याच्या तळहातांतून सर्रकन गेला आणि तो खाली आला तो थेट माळीबुवांच्या चिखलात. कमान मात्र अंगणावरून गरागरा फिरत गेली, मोकळ्या फरशीवर आपटली, उसळली आणि पलीकडच्या दिव्याच्या खांबाला जाऊन गुंडाळली. पंख्याची वायर तुटली होती. बघता बघता ती लाल कमान खांबावर टाकलेल्या ओल्या कपड्यासारखी लोंबायला लागली.

काचेआड पोरांची नाकं काचेला चिकटून पांढरी झाली होती.

मेखताई चिखलात गुडघे टेकून बसली होती. "हात बघू." तळहात सोलवटले होते, घोटा मुरगळला होता, बाकी धड होतं. माळीबुवांनी बादलीभर स्वच्छ पाणी आणलं. तिने त्याचे हात धुतले, ओढणी फाडली आणि ताडपत्रीच्या कारखान्यात शिकलेल्या सफाईने पट्ट्या बांधल्या.

"दोर मनगटाला कधी वेढायचा नाही," ती म्हणाली. "कधीच नाही. तो दोर तुझा नसतो, वाऱ्याचा असतो."

"मला वाटलं पोरं तिथेच आहेत," जावई म्हणाला. "सोडला असता तर कमान त्यांच्यावर गेली असती असं वाटलं."

मेखताई थांबली. हा वेडेपणा होता, त्यात शंका नाही. पण सगळ्यांनी सोडला तेव्हा ज्याने धरून ठेवला, त्याला ती आजवर लोण्याचा गोळा समजत होती. तिने पट्टीला शेवटची गाठ मारली, जरा हळूच.

"सकाळीच बोलायला हवं होतं मी," ती म्हणाली. "तुमच्या मालकांसमोर जीभ चावली. जावई म्हणून."

"आणि मी तुम्हाला गप्प केलं," तो म्हणाला. मग त्याच्या चिखलाच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "सासूबाई, आत्ता तुम्ही मला 'तुमच्या' म्हणालात. मघाशी 'अरे' म्हणाला होतात."

"मघाशी आणखीही काही म्हणाले."

"ते ऐकूनच तर सोडला. 'अहो सोडा' ऐकलं तेव्हा वाटलं, कुणीतरी बाकीच्यांना सांगतंय."

भोंगा तोवर येऊन पोचली होती आणि ही गोष्ट त्या संध्याकाळी घरी, दुसऱ्या दिवशी शेजारी आणि त्यानंतर प्रत्येक पाहुण्यापुढे तिनेच सांगितली, फलाटाच्या आवाजात. मुलीने ऐकून आधी कपाळावर हात मारला, मग नवऱ्याचे हात स्वतःच्या हातात घेतले, मग आईकडे बघून म्हणाली, "मी तर त्याला रोजच गाढव म्हणते, पण कधी एवढा फरक पडलेला पाहिला नाही." ड्रायव्हरसाहेबांनी जावयाला पंख्याखालच्या खुर्चीतून उठवून आपल्याशेजारी जमिनीवर बसवलं. त्या घरात याच्यावरचा मान नव्हता.

जावई मालकांसमोर बसला तेव्हा मात्र त्याने 'हो हो' केलं नाही, हे त्याने नंतर स्वतः सांगितलं. मालक म्हणाले, यापुढे या अंगणात फुगा नको, किल्ला नको, काही नको. तो म्हणाला, "नाही साहेब. किल्ला हलला नाही. कमान उडाली, कारण ती बांधायची सोयच आपल्याकडे नव्हती. पोरं येणार असतील तर ती सोय करणं आपलं काम आहे." मालकांनी त्याच्याकडे नव्याने बघितलं म्हणतात. जावयाच्या सांगण्यात थोडा मीठमसाला असेलही, पण परिणाम खरा होता.

अंगणातल्या ठरावीक फरशा उखडल्या गेल्या. तळघराच्या खांबांच्या डोक्यावर नेमकं कुठे ओतकाम करायचं ते इमारतीच्या इंजिनीअरबाईंनी काढून दिलं, आणि किल्ल्याच्या कड्या कुठे कुठे येतात ते मेखताईने खडूने फरशीवर आखून दिलं. दोघींचं एका जागेवरून वाजलं. मेखताई म्हणत होती इथे, इंजिनीअरबाई म्हणत होत्या तिथे खांब नाही. शेवटी दोघी गुडघ्यांवर बसून, खडू एकमेकींच्या हातातून घेत, घसरगुंडीच सगळी थोडी तिरकी फिरवून मोकळ्या झाल्या. जाड लोखंडी कड्या काँक्रीटमध्ये ओतल्या गेल्या. वर बसणारी पितळी झाकणं, म्हणजे एरवी कुणाच्या पायात यायला नकोत. ओतकाम वाळल्यावर इंजिनीअरबाईंनी प्रत्येक कडीला यंत्र लावून ओढून बघितलं. मेखताईने यंत्रानंतर स्वतः ओढून बघितलं.

"यंत्रावर विश्वास नाही का?" त्यांनी हसून विचारलं.

"आहे की. पण माझी आणि कडीची ओळख व्हायला नको?"

मग एका लख्ख सकाळी ती दोन मजली घसरगुंडी टेम्पोतून खाली उतरली. पंखा सुरू झाला. कापड आधी नुसतं सळसळलं, मग त्याच्या पोटात वारा शिरला, पायऱ्या उभ्या राहिल्या, कठडे ताठ झाले आणि निळा उतार उन्हात चमकायला लागला. मेखताई कडीवरून कडीकडे गेली. पट्टा ओवायचा, ओढायचा, चाप लावायचा, पुन्हा ओढायचा. जावई तिच्या मागे मागे, तीच कामं तिच्याच पद्धतीने करत होता, आणि दोनदा तिने त्याने लावलेला चाप उघडून परत लावला.

"काय चुकलं?" त्याने विचारलं.

"काही नाही रे. ओळख."

वाट्या काठीवर आळसावून फिरत होत्या. काचेच्या दारापाशी पोरांची रांग लागली होती आणि भोंगा त्यांना प्रवासाचे नियम समजावत होती.

"मुलांच्या आधी मोठं माणूस वरून खाली आलंच पाहिजे," मेखताई म्हणाली. "त्याशिवाय मी उघडत नाही. भोंगे, जा."

"मी? या वयात? माझी सगळी हाडं माझ्याबरोबर खाली येतील याची हमी कोण देणार?"

मेखताईने मान वळवली. जावई आधीच बूट काढत होता. इस्त्रीचा शर्ट, मोजे, आणि तळहातांवर आलेली नवी, गुलाबी कातडी. तो पायऱ्या चढून वर गेला, वर उभं राहून त्याने सगळ्या अंगणाकडे बघितलं, आणि बसला.

"अरे, पाय पुढे घे! हात छातीशी!" ती खालून ओरडली.

"आलो, आलो!" तो म्हणाला आणि घसरला. घसरगुंडी खालून वरपर्यंत लाटेसारखी डुलली, पट्टे ताणले गेले, आणि कड्या जागच्या जागी राहिल्या. काचेमागची पोरं टाळ्या पिटायला लागली. मेखताईने पुन्हा एकदा सगळ्या पट्ट्यांवरून नजर फिरवली आणि नणंदेकडे बघून हात खाली केला.

"फलाट उघडला आहे!" भोंगा गरजली. "लहान प्रवासी आधी!"